बेटाच्या जागेवर मारलेल्या हाका

वाडीतल्या माझ्या गोदामाच्या छतावर मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोक दूरदूरच्यांशी संपर्क साधतात त्या रेडिओची, अँटेना उभी केली, तेव्हा शेजारचे ट्रान्सपोर्टवाले हसले होते. ट्रक धुण्यापासून सुरुवात करून ते गोदाम मी उभं केलंय. हसणाऱ्यांची मला सवय आहे. रेडिओचा सेट महाल भागातल्या एका निवृत्त तारमास्तरांकडून जुना घेतला. दोन दिवस वाडीला येऊन शिकवणं त्यांनी किमतीत धरलं होतं. मी म्हटलं, शिकवणं वजा करा. त्यांनी केलं. सौदा जिंकल्याच्या खुशीत मी घरी आलो.

त्याच हिवाळ्यात दूर समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर काही हौशी मंडळी नऊ दिवसांसाठी रेडिओ घेऊन उतरली. तिथे उतरायची परवानगी पिढीतून एखाद्या वेळी मिळते. माझं वय एकसष्ट. म्हणजे त्या बेटाशी संपर्क साधायची मला हीच एक संधी होती.

डिजिटल पद्धतीत तोंडाने बोलायचं नसतं. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने छोटे संदेश पाठवतो, आणि पडद्यावरच्या पट्ट्यात कोण कुठल्या कंप्रतेवर आहे ते दिसतं, डावीकडे खालच्या, उजवीकडे वरच्या. बेटाची खूण डाव्या टोकाला दिसत होती. मी माझी हाक नेमकी तिच्यावर नेऊन बसवली. बाजारात मी हेच शिकलो होतो, गर्दीत दलालाच्या कानाशी उभं राहायचं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हाका मारल्या. उत्तर एकदाही आलं नाही.

आठव्या संध्याकाळी मी तारमास्तरांना फोन केला आणि खराब सेट गळ्यात मारला म्हणून नको ते बोललो. ते म्हणाले,

"सेट चांगला आहे गा. तू बेटवाल्यायच्याच जागेवर हाका मारून राहिला. तिथं ते फक्त बोलतात. ऐकतात वरच्या भागात. खालच्या हाका त्यायचा संगणक धरतच नाही."

"तुम्हाले कसं माहीत, मी कुठं मारतो ते?"

"माह्या पडद्यावर दिसतं ना. मले बेट पहिल्याच दिवशी भेटलं. तवापासून तुले पाहून राहिलो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"शिकवणं तूच कापलं होतं."

मी फोन आपटला. पण रात्री गुपचूप संगणकात स्प्लिटची खूण केली. ऐकायचं खाली, बोलायचं वर.

शेवटच्या सकाळी तिसऱ्याच हाकेला बेटाने माझं नाव घेतलं. संदेश अगदी क्षीण. मी पोच पाठवली. आता त्यांची पोच आली की संपर्क पक्का. ती आली नाही. मी पुन्हा पाठवली, पुन्हा पाठवली. मग पट्ट्यातली त्यांची खूणच गेली. त्यांनी सामान आवरायला घेतलं होतं, हे नंतर कळलं.

महिन्याभराने बेटावरच्या मंडळींची, संपर्क पक्का झालेल्यांची यादी आली. त्यात तारमास्तर आहेत, मी नाही. मधले सात दिवस त्या माणसाने मला बघितलं, हे मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही. अँटेना अजून छतावर आहे. सेट मी लावत नाही.