प्रार्थनेतली शीळ

कवळीवालीच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास दचकतो. फळ्यांवर ओळीनं जबडे मांडलेले असतात. प्लास्टरचे, पांढरेफटक, काही हसल्यासारखे, काही बोंब मारल्यासारखे. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाचे तुकडे, कानशी आणि सगळ्यावर कवळ्या घासून उडालेला गुलाबी भुसा. दाताचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून ही कवळ्या घडवते. भुसा तिच्या केसांतही असतो. तो झटकायला तिला वेळ नसतो, भांडायला मात्र असतो.

माणूस म्हणजे हाडं, मांस, नसा आणि नसांतून धावणारी वीज. आत वेगळं कुणी बसलेलं नाही. हे ती विचारल्यावर सांगते आणि न विचारताही सांगते. एकदा एका गिऱ्हाइकानं खवचटपणे विचारलं, "बाई, वर कुणी नाही, तर मग चोरी का करत नाही तुम्ही?"

"म्हणजे तुम्ही कुणी बघतंय म्हणून करत नाही होय? थांबा जरा, कानशी मोजून घेते."

गिऱ्हाईक हसलं. पण हाच प्रश्न सख्ख्या भावानं विचारला होता, तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

दादा व्यवसायानं शिंपी. गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात रोज संध्याकाळची प्रार्थना तोच म्हणायचा. आवाज असा, की सायकलवरून जाणारा माणूस रस्त्यावर पाय टेकवून थांबायचा. आई गेली त्या दुपारी, आईनंच सांगून ठेवल्याप्रमाणे, हिनं डोळे काढून नेणारी माणसं बोलावली. दादा धावत आला तोवर काम उरकलं होतं.

"आई म्हणजे तुझ्या लेखी सुटे भाग!" तो भर दारात ओरडला. "तुला भीती नाही की लाज नाही. उद्या माझा गळा कापशील, तुला अडवणार कोण?"

तोंड आवरणाऱ्यांतली ही नव्हती. "वहिनी, ऐकलंत? यांना फक्त भीती अडवते आहे. घरातल्या कात्र्या लपवून ठेवा!"

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद. रस्त्यात दिसला की ही पलीकडच्या बाजूला जायची.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी वहिनी खोलीच्या दारात उभी राहिली.

"वन्सं, यांचे सगळे दात काढावे लागले. दुसरीकडून कवळी करून आणली, ती तोंडात नाचते. प्रार्थना सोडली त्यांनी. आता घरातसुद्धा बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी हात हलवतात."

"आणि त्यानं तुम्हाला माझ्याकडे धाडलं?"

"छे! कळलं तर माझ्यावरच हात हलवतील."

"मग त्याला सांगा, आधी तो शब्द मागे घे म्हणावं. गळ्याचा."

"शब्द निघतोय कुठे त्यांच्या तोंडातून, मागे घ्यायला?"

कवळीवालीला हसू फुटलं, आणि तिथंच ती हरली.

वहिनीनं गळ घातल्यावर दादा आला. न बोलता खुर्चीत बसला, न बोलता आ केला. तिनंही कामापुरतंच तोंड उघडलं. दात आधी मेणात बसवून पाहिले, मग पक्की कवळी झाली. तिची एक ठरलेली परीक्षा होती. प्रत्येकाला ती साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायची. साठ, एकसष्ट, बासष्ट... त्यातले 'स' नीट वाजले की कवळी पास. दादानं मोजलं. एकूण एक 'स' चोख.

"एकदा प्रार्थना म्हणून बघू?" तो हळूच म्हणाला.

"माझ्या खोलीत ते नको. आकडे आले ना? बस झालं."

घोळ झाला तो इथंच. तोंड म्हणजे हाड आणि मांस म्हणणाऱ्या बाईनं त्या तोंडाला करायचं होतं ते काम बघायचंच नाकारलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तो थेट प्रार्थनाघरातून. कवळी तोंडातून काढून त्यानं टेबलावर आपटली. बोळक्या तोंडातून शब्द फुसकेच येत होते, तरी एकेक कळत होता.

"शीळ वाजते. 'स' लांबवला की चहाची किटली शिट्टी मारते तशी! पोरं खिदळली. मोठी माणसं खोकत बसली. तू मुद्दाम केलंस."

"काय म्हणालास?"

"आकडे साफ, आणि प्रार्थनेतच शीळ? ज्याला वर कुणी विचारणारं नाही, त्याच्या हातून दुसरं काय होणार!"

तिच्या डोक्यात रक्त चढलं. दार दाखवायला हात उचललाच होता तिनं. आयुष्यभर कमावलेलं एकच होतं तिच्याजवळ, हात खोटं करत नाहीत हे. नेमका त्यालाच तो हात घालत होता. पण उचललेला हात तसाच राहिला. आकडे साफ आणि प्रार्थनेत शीळ, हे मात्र खरंच विचित्र होतं. म्हणजे त्याला कारण असणार. आणि कारण असलं की ती सोडत नसे.

तिनं दार लावून घेतलं. "घाल ती तोंडात. आणि म्हण."

"काय?"

"प्रार्थना. आणखी काय!"

तो म्हणू लागला. ती त्याच्या ओठांत डोळे घालून बसली. मोजताना 'स' झटकन निसटून जात होता. इथं तो वर चढत होता, ताणला जात होता, जीभ टाळूकडे उचलली जात होती, आणि पुढच्या दातांमागे राहिलेल्या बारीक फटीतून हवा शीळ घालत निघत होती. तिनं दिव्यावर मेण वितळवलं, कवळीच्या टाळूवर पुढच्या बाजूला एक थर दिला. म्हण. आता तो बोबडा झाला. खरवडलं. म्हण. पुन्हा म्हण. जी प्रार्थना एकदाही नको होती, ती त्या खोलीत रात्री उशिरापर्यंत चालली.

"देव कंटाळला असेल एव्हाना," दादा म्हणाला.

"नाहीये म्हणून वाचला. पुन्हा."

मेण गार व्हायची वाट बघत दोघं बसले होते. दादाचं लक्ष फळीवरच्या जबड्यांकडे. "आईचे डोळे कुणाला बसवले, कळलं कधी?"

"सांगत नाहीत ते."

तिनं मेणाला बोट लावून पाहिलं. मग ती बोलली, कधी कुणाजवळ न बोललेलं. "बाजारात मी बायकांच्या डोळ्यांत बघत उभी राहते. बसवतात ती नुसती पारदर्शक चकती असते. आईची नजर त्यात येत नाही, पक्कं माहीत आहे मला. तरी बघते."

दादानं नाक ओढलं. "मीपण बघतो. पुरुषांच्यासुद्धा. पुरुषाला बसवले असतील तर?"

मेण गार झालं होतं. तिनं कवळी पुढे केली.

या वेळी 'स' निघाला, वर चढला, ताणला गेला आणि कुठंही न अडखळता विरला. तिच्या हातावरचे केस गुलाबी भुशासकट उभे राहिले. दादानं ते पाहिलं.

"बघ! आहे तुझ्या आत कुणीतरी."

"नसा आहेत. थंडी वाजली की असंच होतं."

"थंडी आहे?"

"नाही."

शहारा कसा येतो हे ती अर्धा तास समजावून सांगू शकली असती. सगळं मनात सांगून झालं, तरी केस खाली बसले नव्हते.

"गळा कापशील म्हणालो होतो," दादा म्हणाला.

"आठवतंय."

"आज एवढा वेळ कानस घेऊन गळ्याशी बसलीस. भीती नाही वाटली मला."

माफीचं तेवढ्यावरच भागवायचं होतं त्याला. तिनं भागू दिलं.

"पण एक सांग," तो उठताना म्हणाला, "वर कुणी नाही म्हणतेस. मग वाकडं का नाही केलंस?"

"वर कुणी नाही म्हणूनच! तिकडे नवे दात मिळणार असते तर इतकी राबले असते का मी? तुला तोंड एकच आहे दादा, आणि तेही थोडे दिवस."

मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक भरल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती प्रार्थनाघरासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. शीळ गेली का ते तपासायला, असं तिनं वहिनीला बजावून सांगितलं. उघड्या खिडकीतून दादाचा आवाज आला, "देवानं माझ्या बहिणीच्या हातून हे दात करवून घेतले."

"करवून घेतले?" ती उसळली. "भुसा खाल्ला मी, आणि नाव त्याचं! थांब, बघतेच!"

ती तरातरा रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली. तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली. शेजारी एका सायकलवाल्यानं पाय टेकवला. ती त्याच्याजवळ तशीच उभी राहिली, श्वास रोखून, तो लांब 'स' यायची वाट बघत.

तो आला आणि साफ गेला.

"उद्या सांगते त्याला," ती पुटपुटली. पण शेवटची ओळ संपेपर्यंत रस्त्याच्या मधून काही हलली नाही.