पहिली सरकी

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. मायले नाही, भावाले नाही, आणि शेवंताले — माझ्या बायकोले — तर नाहीच. मंग तुमाले काहून सांगून राह्यलो? माहीत नाही. चवथी शिकलेला माणूस मी, जमन तसं लिहितो.

लग्नाले बरेच वर्षं झाले, घरात लेकरू नाही. घाटंजीच्या डॉक्टरीणबाईनं शेवंताले तपासलं. म्हणे, हिच्यात काही खोट नाही, नवऱ्याले पाठवा. माय म्हणे, बाया बायाचंच झाकते. आणि मी? भरलं पोतं एका दमात उचलणारा गडी — मले तपासता?

शेवटी बियाणं आणतो म्हणून यवतमाळले गेलतो. गुपचूप. तिथला डॉक्टर म्हणाला, धातूत जीवच नाही. मी म्हटलं, अंगात एवढा जोर आहे! तो म्हणे, जोराचा संबंध नाही. लेकराचं बीज कसं घडवाचं, याचा हुकूम अंगातच असते; काहीच्या अंगात तो बिघडलेला असते, नाहीतर असूनबी चालू होत नाही. बहुतेक जन्मापासूनच. "भाऊ, यात तुमचा दोष नाही."

नव्हताच. दोष मी घरी येऊन केला.

माय दारात बसली होती. शेवंता चुलीपाशी. माय म्हणे, "मायजवळ तरी सांग, कुठं गेलता? डॉक्टरकडंच ना? काय म्हणे तो?" मी चप्पल काढता काढता म्हणालो — "माझं चांगलं आहे." बस, एवढंच. तव्यावरची भाकर करपली, शेवंतानं मान वर केली नाही.

आमच्याकडं कपाशी टोबताना पयली सरकी लेकुरवाळीनं मातीत टाकावी, अशी रीत. त्या साली मायनं शेवंताच्या ओटीतली सरकी काढून भावजयीच्या ओटीत टाकली. "तू धुऱ्यावर बस, तिकडं वावराच्या कडेले." मी बैलाजवळ उभा. बैलाच्या शिंगाकडं पाहत.

कपाशीनं घरोघरी रडवलं, ते दिवस. आमचं अर्धं वावर उगवलंच नाही. माय म्हणे, हिची सावली पडली. मी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या शेवंताच्या हाती देऊन तिले दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणे, जमीनच नाठी, नापीक असन तुमची. मी काउंटरवर हात आपटला — "जमिनीले नाव नको ठेवू! जमीन सोनं आहे. बियाणंच मुर्दाड आहे तुझं!" लोकं जमले. कोणी म्हणे, वा काका!

येताना यष्टीत शेवंता खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "दुकानात बरं खरं बोलता तुमी."

म्हणजे तिले माहीत होतं. त्यानंतर त्या गोष्टीचं तिनं अक्षर काढलं नाही.

मंग माय गेली. तवा तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं. माझी मान खाली जाईन म्हणून नाही सांगितलं. तिची तर कवाचीच खाली होती.

यंदाबी टोबणी झाली. पयली सरकी पुतण्याच्या बायकोनं टाकली. शेवंता आपणहून धुऱ्यावर जाऊन बसली — आता तिले कोणी सांगाची गरज पडत नाही.

मी बैलाजवळ उभा होतो.