एकदाच मागितलेली परवानगी

दुसऱ्याच्या जनावराचे दावे मालकाला न विचारता सैल करण्याचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळाला आहे, असे मानणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझा व्याही आहे. मी नांदेडच्या न्यायालयात अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. अर्ज, परवानगी आणि शिक्का यांवाचून कोणतीही गोष्ट होऊ शकते, यावर माझा विश्वास नाही. अशा माणसाच्या मुलीसाठी चाकूरच्या या शेतकऱ्याच्या घरचे स्थळ यावे, हा योगायोग होता. पहिल्या भेटीसाठी ते आमच्या घरी तासभर उशिरा पोहोचले, कारण गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या एका म्हशीचे दावे त्यांना घट्ट वाटले होते. ते त्यांनी सैल केले. म्हैस त्यांच्या मागोमाग आमच्या फाटकातून आत आली आणि मुलाकडचे लोक येणार म्हणून दाराला लावलेले झेंडूचे तोरण निम्मे खाऊन मोकळी झाली. पाहुण्यांनी क्षमा मागितली नाही. “दावं रुतलं होतं,” एवढेच म्हणून ते बैठकीत बसले आणि चहा मागितला.

त्यांचा नियम साधा आहे. दावे आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे गेली पाहिजेत. रस्त्याने जाताना दिसेल त्या गायीच्या, बैलाच्या, शेळीच्या गळ्याशी ते दोन बोटे घालून पाहतात. बोटे गेली नाहीत तर गाठ सोडून नव्याने बांधतात, आणि ती गाठ कित्येकदा जनावराला फार सोयीची ठरते. चाकूरच्या बाजारात ते येताना दिसले की व्यापारी आपापल्या जनावरांजवळ जाऊन उभे राहतात. एकदा एक व्यापारी संतापून म्हणाला, “ओ आप्पा, जनावर माझं हाय!” त्यावर आमचे व्याही शांतपणे गाठ सोडीत म्हणाले, “जनावर तुझंच हाय की. पर मान त्याची हाय न्हवं?” या विषयावरून त्यांनी शिव्या पुष्कळ खाल्ल्या आहेत, एकदा मारही खाल्ला आहे. विचारून सोडावे, असे मी त्यांना अनेकदा सुचवले. “इचारलं की न्हाई म्हणतेत, इवाई,” हे त्यांचे उत्तर ठरलेले होते.

हे केवळ जनावरांपुरते असते तर मी समजून घेतले असते. लग्नात त्यांनी बँडवाल्याच्या ढोलाचा पट्टा सैल केला, आणि वरातीत ढोल गुडघ्यापर्यंत उतरला. नातवाच्या शाळेच्या टायला ते गाठ राहू देत नाहीत. मी सदऱ्याचे वरचे बटण लावतो, याचे त्यांना मनापासून दुःख होते. “सोडा की ते, इवाई. बघूनच मला घुसमटून राहिलंय,” असे ते माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसून म्हणतात. मी बटण सोडत नाही. ते म्हणायचे सोडत नाहीत. आमच्या स्नेहाचे स्वरूप साधारण असे आहे.

मागील हिवाळ्यात माझी मुलगी आणि जावई आम्हा दोघांना मालवणला घेऊन गेले. तोंडावर काचेचा चष्मा चढवायचा, दातांत नळी धरायची आणि पाण्यावर पालथे तरंगून खालचे मासे पाहायचे, असा तिथे एक प्रकार असतो. मी बोटीतच बसेन, असे मी नांदेडहून निघतानाच सांगितले होते. व्याही मात्र तयार झाले. मुलाची अर्धी विजार घालून ते बोटीत आले, तेव्हा इतक्या वर्षांत मी त्यांचे गुडघे प्रथमच पाहिले. टोपी त्यांनी माझ्या हाती दिली. मग कवळीचा प्रश्न निघाला. कवळी काढली तर नळी धरता येईना, आणि ठेवली तर ती समुद्रात जाण्याची भीती. अखेर त्यांनी ती ठेवली, आणि “गेली तर एखाद्या म्हाताऱ्या माशाला व्हईल,” असे म्हणाले. बोटवाला पन्नाशीचा, समजूतदार गृहस्थ होता. त्याने जाकिटाचे पट्टे आवळले की व्याही ते लगेच सैल करीत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “काका, पट्टो सोडू नको. जाकीट वर रवतला आणि तू खाली जातलंस.”

माझी मुलगी सासऱ्यांना ओळखून आहे. ते पाण्यात उतरण्यापूर्वी तिने त्यांचा दंड धरला. “आप्पा, इथं कुणाचं काही सोडायचं नाही. विचारल्याशिवाय कशाला हातच लावायचा नाही. मला शब्द द्या.”

“दिला गं माय,” ते हसून म्हणाले. “मासळीच्या गळ्यात कुठं दावं असतंय?”

पाण्यात उतरल्यावरही त्यांचे बोलणे थांबले नाही. चेहरा पाण्याखाली आणि आवाज नळीतून वर, अशा अवस्थेत ते माशांशी बोलत होते. बैलाला थोपवताना करतात तसा “हो… हो… हो…” असा एक पोकळ नाद समुद्रावर उमटत होता, आणि शेजारच्या बोटीतले लोक उठून पाहत होते. मधूनच डोके वर काढून ते मला वृत्तान्त देत. “इवाई, ठिपक्याचा एक हाय, अगदी देवणी गोऱ्हा! तुम्ही नुस्तं बसून काय राहिलाव?” मी टोपी सांभाळीत आहे, असे मी सांगितले. मुलगी आणि जावई पोट धरून हसत होते. मीही थोडा हसलो असेन.

मग नळीतला आवाज एकाएकी बंद झाला. ते बोटीपासून फार दूर नव्हते. पाण्यावर त्यांची पाठ दिसत होती आणि तिच्या शेजारी एक हिरवट, काळसर पाठ वर आली होती. श्वास घ्यायला आलेले ते कासव होते. व्याह्यांचा हात पुढे झालेला मी पाहिला. तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, डोके वर काढले, तोंडातली नळी काढली आणि बोटीकडे पाहून ओरडले, “सोडू का?”

आम्हाला काही कळेना. मुलगी सवयीने म्हणाली, “नको, आप्पा! काही नको!”

“अगं, कासवाच्या पायात जाळ्याची दोरी रुतलीया! मांसात गेलीया! सोडू का?”

त्यांच्याबरोबर पाण्यात असलेला बोटवाला वळला आणि म्हणाला, “अरे काका, इचारतंस कित्याक? सोड मा!”

व्याह्यांनी लगेच तोंड पाण्यात घातले. खाली कोणी नव्हते.

बोटवाल्याने नंतर पुष्कळ शोध घेतला. खडकांपर्यंत जाऊन आला, ओळखीच्या बोटींना हाका मारून सांगितले. व्याही पाण्याबाहेर येण्यास तयार नव्हते. ओठ निळे पडले, तेव्हा त्यांना चौघांनी ओढून वर घेतले. ते अंगावर पंचा घेऊन माझ्याजवळ बसले. दोरी पुढच्या उजव्या पायाच्या मुळाशी होती, असे त्यांनी सांगितले. गाठ दिसत होती. एका बाजूने दोन बोटे गेली असती. “त्यानं माझ्याकडं बघितलं, इवाई. मी त्याच्याकडं बघितलं. आणि मी इचारायला आलो.” किनारा जवळ आला तेव्हा ते पुन्हा म्हणाले, “उभ्या जल्मात एकदाच परवानगी मागितली.”

मुलगी रडू लागली. तिच्या डोक्यावर ओला हात ठेवून ते म्हणाले, “तू का रडून राहिलीस? तू बरोबरच सांगितलीस.” पण ती ते मानीना. आपण शब्द घेतला नसता तर ते जनावर सुटले असते, हे तिने मनाशी पक्के केले. पुण्यास आपल्या घरी परतल्यावरही तिचे हेच चालले. फोनवर बोलताना ती मध्येच थांबे, आणि मला कारण कळे.

चाकूरला आल्यापासून व्याही बोटवाल्याला वरचेवर फोन करू लागले. “दिसलं का?” एवढेच ते विचारीत. “नाय दिसला, काका,” असे तो न कंटाळता सांगे. पुन्हा मालवणला जाण्याची त्यांनी तयारी केली होती. पण हृदय तपासून डॉक्टरांनी त्यास मनाई केली. डॉक्टरांना त्यांनी विचारले नव्हते. मुलाने विचारले होते.

गेल्या महिन्यात मी चाकूरला गेलो असता आम्ही ओसरीवर बसलो होतो. बोटवाल्याचाच फोन आला. व्याह्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते फोनचा आवाज मोठा करून बोलतात. “काका, गावला तुझा कासव!” तो म्हणाला. “काल बघितलंय. दोरी नाय, काय नाय. मस्त पवत होता.”

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “वळ दिसला असंल की,” ते म्हणाले. “कोणत्या पायाला होता?”

पलीकडे क्षणभर शांतता होती. “डाव्या, काका.”

“हां,” व्याही म्हणाले. “डाव्याच पायाला होती दोरी. लई उपकार झाले, बाबा.” त्यांनी त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, त्याला चाकूरला येण्याचे आमंत्रण दिले आणि फोन ठेवला. मग म्हणाले, “जनावरांच्या बाजारात हयात गेली, इवाई. मानूस कुठं थांबतोय, ते कळतंय. पर मन चांगलं हाय त्याचं.” आणि लगेच सुनेला फोन लावून, मी पूर्वी कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आनंदाच्या आवाजात, ते ओरडले, “सुटलं गं तुझं कासव!”

थोड्या वेळाने मुलीने मला फोन केला. ती रडत होती, पण ते रडणे निराळे होते. “बाबा, खरंच ना? तुमच्यासमोर बोलणं झालं ना?” खोटे बोलणे मला जमत नाही, हे ती जाणते, म्हणूनच तिने मला विचारले होते.

“होय,” मी म्हणालो. “माझ्यासमोरच बोलणे झाले.”

मी फोन खाली ठेवला. व्याही अंगणाकडे पाहत होते. त्यानंतर त्यांनी बोटवाल्याला पुन्हा फोन केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत तसेच बसलो. मध्ये एकदाच ते बोलले, आणि तेही मला उद्देशून नसावे.

“कासव वाढतंय की. दोरी वाढत न्हाई.”