तोसून आणि कुर्बानीचा मेंढा

रिफ्कीकाकांनी जन्मभर शेगड्यांची धुराडी साफ केली. तुर्कस्तानातल्या आमच्या सिवासच्या माळावरचा हिवाळा म्हणजे चेष्टा नाही. आमच्या गावातलं एक घर नसेल जिथल्या छपरावर हा माणूस काजळी अंगावर घेत चढला नसेल. सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा बायकोने, नेझाहतकाकूंनी, शिडी सरळ शेजाऱ्याला देऊन टाकली. आता हा माणूस घरात बसेल, असं बिचारीला वाटलं होतं. बसतोय कसला!

कारण तोसून आला. दुर्मुश मेंढपाळ कळप विकून अंकाराला मुलाकडे निघाला. चौथ्या मजल्यावर वासराएवढा कुत्रा कुठे ठेवणार? तो काकांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नाही म्हणालात तर याला गोळी घालावी लागेल." काका नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंय?

काळं तोंड, पिवळट अंग, लांडग्यांनी गळा धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा. स्वभावाने गरीब. खोड एकच, पळायचं. कडी नाकाने उघडली. कडीला तार बांधली, तर सरपणाच्या ढिगावरून भिंत ओलांडली. ढीग हलवला, तर भिंतीखालून उकरलं. पळून करायचा काय? माळावर जाऊन कुणाच्याही कळपाशेजारी उंचवट्यावर बसायचा आणि परक्या मेंढ्या राखायचा! तिथल्या कुत्र्यांनी फाडला तरी हलायचा नाही. मग काकांनी दोर घेऊन पाच-पाच किलोमीटर तंगडतोड करायची आणि अंधार पडताना दोघांनी लंगडत घरी यायचं.

"आला का तुमचा जहागीरदार?" काकू विचारायच्या. पाच वेळा नमाज पढणारी बाई, नापाक म्हणून कुत्र्याला कधी बोटही लावायची नाही. पण भाकरी भिजवलेलं रस्स्याचं पातेलं दारात तयार असायचं.

वसंतात मात्र कहर झाला. तोसून भर रस्त्यात मिनीबसला आडवा गेला, बस गटारात. कुणाला लागलं नाही ही खुदाची मेहेरबानी. नगरपालिकेचा माणूस घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, तुमचा मान ठेवून सांगतो. हा आणखी एकदा मोकळा दिसला तर भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेणार. तिथून परत मिळायचा नाही."

त्यानंतर काकांची झोप उडाली. दिवसातून दहा वेळा फाटक तपासायचे.

कुर्बानीच्या सणाला आठ दिवस होते. आमच्याकडे जनावर आधीच आणतात, घरचा चारा खाऊ घालतात. गेली दोन वर्षं काकूंच्या आजारपणात कुर्बानी राहून गेली होती, ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. यंदा काकांनी बाजारातून झकास पांढरा मेंढा आणला आणि अंगणात बांधला. तोसूनने उठून त्याला शेपटापासून शिंगांपर्यंत हुंगलं आणि शेजारी बसकण मारली.

बसला तो बसलाच. दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी दूधवाल्याने फाटक सताड उघडं टाकलं. काका धावत बाहेर आले, तर हा मेंढ्याला टेकून निवांत पडलेला. काकांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. याला पळायचं नव्हतंच कधी, याला राखायला काहीतरी हवं होतं! ते हसले आणि हसता हसताच त्यांची नजर मेंढ्यावर गेली. चार दिवसांनी आपण हा मेंढा कापणार. मग?

बायकोला सांगणार कोणत्या तोंडाने? अल्लाच्या नावाने आणलेलं जनावर. दोन वर्षं वाट पाहिलेल्या बाईला म्हणायचं, की कुत्र्यासाठी राहू दे? काकांनी तोंड उघडलं नाही. जेवणात मन नाही, चहा गार होतोय. काकू नुसत्या बघत होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी काका सुरीला धार लावून आणायला गेले. परतले तर काकू अंगणात चौरंगावर बसलेल्या, मांडीवर मेंदीचं भांडं, हात लाल. कुर्बानीच्या जनावराच्या कपाळाला मेंदी लावायची असते. मेंढ्याचं कपाळ मात्र कोरं होतं. मेंदी होती तोसूनच्या कपाळावर, चांगली तळहाताएवढी थापलेली.

"अगं ए, नेझाहत! डोळे तपासून घे. हा कुत्रा आहे!"

"माहितीय मला. ओरडू नका, तो हलतो." काकूंनी मेंदी आणखी दाबली. "मेंदी कुणाला लावतात? नवरीला, फौजेत निघालेल्या पोराला आणि कुर्बानीला. एकदा ज्याला देऊन टाकलं, त्याला. याला मी या घराला दिला."

"आणि कुर्बानी?"

"एका बैलात सात घरं वाटेकरी होतात; शेजारच्या नुरियेच्या बैलात सातवा वाटा रिकामा होता, तो गालिच्यासाठी साठवलेल्या पैशांतून घेतला. मेंढ्याऐवजी हा वाटा चालेल का, इमामसाहेबांना विचारलं, चालतं म्हणाले. नव्या गालिच्याचं पुढच्या वर्षी बघू. जुन्यावर काही नमाज अडत नाही माझी."

काकांना हातातली सुरी कुठे ठेवावी ते सुचेना. म्हणाले, "कुत्र्यासाठी एवढं केलंस तू?"

"कुत्र्यासाठी?" काकूंचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "तो पळाला की तुम्ही त्या माळावर जाता, अंधार पडतो आणि मी या फाटकाशी उभी असते. तुमचे गुडघे असे. एक दिवस कुत्रा एकटाच परत आला तर मी काय करू, सांगा ना! मेंढा त्याला धरून ठेवील आणि तो तुम्हाला. मला दुसरं काय हवंय?"