नानांचा हात आणि आमची डबी

वर्कशॉप कितीही झाडा, लोखंडाचा कीस कोपऱ्यात उरतोच. किस्स्यांचंही तसंच. सात वर्षं मी आणि गांगुर्डे नाशिकला अंबडच्या भाड्याच्या शेडमध्ये एकच वस्तू बनवतोय. वस्तू काही खपली नाही, किस्से मात्र ढिगानं साठले.

वस्तू म्हणजे मुठीएवढी डबी. पान्याच्या टोकाला नाहीतर मोटरच्या शाफ्टवर बसवायची. बोल्ट आवळताना किंवा शाफ्ट फिरताना किती पीळ बसतोय, ज्याला इंजिनियर लोक टॉर्क म्हणतात, तो आकडा ती दाखवते. परदेशातून येते ती छोट्या कारखानदाराला परवडत नाही, म्हणून आम्ही स्वस्तात केली. डोकं गांगुर्डेचं, सोल्डरिंग माझं. शेडचा करार या दिवाळीला संपतोय. तोवर एक पक्की ऑर्डर आली नाही तर शेड बंद. गांगुर्डे देवळ्याला भावाकडे कांद्यात, मी नाशिक रोडला घरात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे हसताना लक्षात राहील.

*

पहिलं गिऱ्हाईक सातपूरचं. पर्चेसवाल्या साहेबांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली, वजन बघितलं. गांगुर्डेनं तासभर समजावलं. साहेबांनी किंमत विचारली. सांगितली.

"एवढी स्वस्त? मग बरोबर कशी दाखवेल?"

"सर, तुमच्यासमोर तपासून दाखवतो की."

"तपासायचं काय त्यात! तुम्ही असं करा, किंमत दुप्पट लावून कोटेशन द्या. मग मी वरती दाखवायला मोकळा."

आम्ही खरंच दुप्पट लावून दिलं. वरतून उत्तर आलं, एवढ्या किमतीत थोडे घालून परदेशी घेऊ. त्या दिवशी मी दोन वडापाव खाल्ले आणि गांगुर्डेशी एक शब्द बोलले नाही. चूक त्याची नव्हती, पण राग कुणावर तरी काढायला लागतो.

*

मग विंचूरला. बाटल्या भरायचा कारखाना. मशीन बाटलीला झाकण फिरवून बसवतं. झाकण सैल बसलं की आमची डबी ओरडणार, असं ठरलेलं. बसवली आणि ती ओरडतच सुटली. कारण झाकणं सैलच बसत होती, कित्येक महिन्यांपासून.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. "मॅडम, पाहुणे कारखाना बघायला येतात हो. हे सारखं केकाटतंय. बरं दिसत नाही."

आवाज काढला, लाल दिवा लावला. आठवड्यानं गेलो तर दिव्यावर गणपतीचा स्टिकर. ऑपरेटरला विचारलं, तर म्हणे, "लाल बघून कामात लक्ष लागत नाय मॅडम."

आणि झाकणं? "ती बसत्यात की, पहिल्यासारखीच."

*

परके ऐकत नाहीत तर घरातल्यांना द्यावी, म्हणून गांगुर्डेनं एक डबी देवळ्याला भावाच्या कांदा निवडायच्या मशीनवर बसवली. कांदा पट्ट्यात अडकला, मोटरवर ताण आला, की मशीन आपोआप बंद. पूर्ण हंगामात मोटर एकदाही जळली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा आमचं काहीतरी चाललं होतं. मी घरी शिरा केला.

हंगाम संपल्यावर भावानं डबी पिशवीत घालून आणून दिली.

"यंत्र भारी शे रे भाऊ. पन काढलं."

"का?"

"जळालेली मोटर भरून देनारा माझा मेव्हणा. ह्या सालाला त्याच्याकडं एकबी मोटर गेली नाय. बायको महिनाभर नीट बोलत नाय माझ्याशी."

मी त्याला चहा दिला.

*

आता शेवटचा किस्सा. आमची शेवटची आशा अंबडमध्येच होती, दोन गल्ल्या सोडून. पंप बनवणारा कारखाना. तिथले फोरमन नाना. तीस वर्षं पंपाच्या झाकणाचे बोल्ट हातानं आवळतायत. नवा माणूस आला की त्याला सांगतात, नानांसारखं आवळ. तिथलं माप म्हणजे नानांचं मनगट.

डबी नवरात्रात बसवली. खंडेनवमीला आम्ही मुद्दाम गेलो. नाना स्वतः पूजा करत होते. लेथ, ड्रिल, हातोड्या, तुटका व्हर्नियर, झाडूसुद्धा. प्रत्येकाला हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आमची डबी बाजूला तशीच. मी म्हटलं, "नाना, हिला?"

"बाई, जिच्यावर भरवसा बसला तिलाच कुंकू. ही अजून आपली नाय."

दसऱ्यानंतर आकडे घ्यायला सुरुवात केली. बोल्टला पीळ चाळीस पाहिजे. सकाळी नानांचा हात बेचाळीस, एक्केचाळीस. दुपारी पस्तीस. चार वाजता एकतीस. नानांनीच विचारलं, "सकाळी किती होतं?" गांगुर्डेनं सांगितलं. नानांनी चिंधीला हात पुसले, पुसतच राहिले, आणि चहाला गेले.

कारखान्याच्या शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "नानांचा हात चुकेल होय? मशीन नानांच्या हाताला सेट करा, ते आवळतील ते चाळीस. आजच ऑर्डर देतो. वीस नग."

वीस नग! शेड वाचली असती. मी गांगुर्डेकडे बघितलं. तो म्हणाला, "नाही जमणार शेठ."

बाहेर येऊन मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, मग ती मोजणार काय?" मला रडू आलं आणि तोंड लपवायला स्कूटरचं हेल्मेट कामी आलं.

दिवाळीला चार दिवस असताना शेठच्या टेम्पोतून खोका आला. वर चिठ्ठी, ट्रायल समाधानकारक नाही. उघडला. डबीवर हळद-कुंकू, ताजं. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पाना, दांड्यावर नानांचं नाव ठोकलेलं.

गांगुर्डेनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "नाना, तुमचा पाना चुकून आलाय."

"चुकून नाय. मी काम सोडलं, आजपासून घरी. ठेवा तुमच्याकडंच. पुढच्या नवमीला तुमच्या शेडात दोघांची एकत्र पूजा करा."

शेडमधलं अर्धं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरची फळीसुद्धा काढलेली.

"करतो नाना," गांगुर्डे म्हणाला.