आठ दिवसांची ओळ

“फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून माहं नाव का त्यायनं चोरून छापलं? मीच देल्लं,” नागोराव म्हणाले. “आता पोरीची सही देत नाही म्हणलं, त सरांले कोणतं थोबाड दाखवू?”

“हेच दाखवा,” सत्यशीला म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटवली.

वाद सकाळपासून एका संमतिपत्रावरून चालला होता. त्यांची मैत्रेयी फौजदार झाली, तेव्हा घनश्याम सरांच्या अकॅडमीनं उमरखेडच्या बसस्टँडसमोर तिचा मोठा फ्लेक्स लावला: ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. नागोरावांना तो गावात लागतो तसला अभिनंदनाचा फ्लेक्स वाटला. फोटो त्यांनीच नेऊन दिला, खाली आपलं नावही घालून घेतलं. ही जाहिरात आहे हे कळेपर्यंत दोन महिने गेले होते.

क्लासच्या जाहिरातींसाठी सरकारचे नियम आले होतेच. मग क्लासवाल्यांच्या संघटनेनंही आपसांत ठरवून घेतलं: निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घ्यायची आणि त्यानं कोणता कोर्स किती दिवस केला, ते फोटोशेजारी ठळक छापायचं. कोणीतरी तक्रार केली, म्हणून सरांनी हा कागद पाठवला होता. कोर्स आणि कालावधीची ओळ कोरीच होती. ती आम्ही भरून घेऊ, असा निरोप होता. शिवाय धाकट्या संघर्षला वर्षभर मोफत प्रवेश.

सत्यशीला शाळेत खिचडी शिजवते. विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली सात वर्षं तिच्याकडे आहे. पहाटे पाचला ती कुलूप काढते, झाडून घेते, कोणी दोन दिवस आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारते. मैत्रेयीनं पाच वर्षं तिथंच सतरंजीवर बसून अभ्यास केला. अकॅडमीत ती गेली फक्त मुलाखतीच्या सरावाला. आठ दिवस.

फ्लेक्स लागल्यापासून अभ्यासिकेतल्या सात मुली यायच्या बंद झाल्या होत्या. त्यातल्या दीपमालाच्या आईनं कानातले विकून पोरीला अकॅडमीत घातलं. तुमच्या मैत्रेयीसारखंच होऊ दे, असं ती हौसेनं सांगत होती. सत्यशीलाला तिच्या मोकळ्या कानांकडे बघवलं नव्हतं.

सरांनी पोरीवर मेहनत घेतली, हे नागोराव पुन्हा म्हणाले.

“नाही घेतली असं कोण म्हणते? आठ दिवस घेतली. तेवढंच लिहा.”

“आठ दिवस लिहिल्यावर कोणता येडा फी भरंन?”

“तेच त म्हणून राह्यली मी.”

संघर्ष खाली मान घालून जेवत होता. आपल्या प्रवेशाबद्दल त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

दुपारी शाळेची भांडी घासून झाल्यावर सत्यशीला विहाराच्या पायरीवर बसली आणि तिनं नाशिकला ट्रेनिंगमध्ये असलेल्या मैत्रेयीला फोन लावला. दीपमालाच्या आईचं सगळं तिला सांगितलं. मग मैत्रेयीनं विचारलं, “आई, ती ओळ मीच भरली तर चालते ना?”

संध्याकाळी घरी येऊन सत्यशीलानं हातपाय धुतले. बापलेक दोघंही समोर होते.

“मैत्रेयी सही करणार हाये. पण ओळ तिच्या हातानं भरून. मुलाखतीचा सराव, आठ दिवस. सरांले तसं छापायचं असन त छापतीन, नाही त फ्लेक्स उतरवतीन. मोफतचा प्रवेश आपल्याले नको. संघर्ष उद्यापासून पाचले माह्यासंग अभ्यासिकेत येईन.”