तीन नंबरवर पान उघडेना

काँप्युटर दुरुस्त करणाऱ्याने भुताला भिऊन चालत नाही, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. त्या काळात मी पुष्कळ काही सांगत असे. चंद्रपूरला एका खोलीत माझं दुकान होतं, पाटीवर ‘नेटवर्किंग तज्ज्ञ’ असं मीच रंगवून घेतलं होतं, आणि पाटी खोटी पडू नये म्हणून खिशाला स्क्रू ड्रायव्हर अडकवून गावभर फिरत होतो.

चिमूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांचा नवरा माझ्या ओळखीचा होता. बल्लारपूरला स्टेशनाजवळ त्याचं नेट कॅफे होतं. मागच्या पावसाळ्यात ताप आला, तो डोक्यात चढला आणि नागपूरला नेईपर्यंत सगळं आटोपलं. बाईंनी कॅफे मोडलं, गल्ल्यावरचं जुनं मशीन भंगारात दिलं, आणि उरलेली तीन मशीनं घेऊन सासऱ्यासोबत चिमूरच्या घरी आल्या. पुढच्या खोलीला शटर बसवलं, नवीन ब्रॉडबँड घेतलं. दोन मशीनं झकास चालत होती. तिसऱ्यावर एकही पान उघडत नव्हतं. दोन दिवसांनी बारावीचा निकाल होता, म्हणजे सगळी पोरं दारात उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने मी वरोऱ्यावरून चिमूर गाठलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाईंच्या नवऱ्याचा फोटो. फोटोतही तो नेहमीसारखा हसायच्या बेतात होता. तीन नंबरच्या मशीनशेजारी त्याचे वडील स्टुलावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे, मग स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं.

“तो उघडू देऊन नाई राह्यला,” ते म्हणाले.

मी विचारलं, कोण?

“माहा पोरगा.”

मी हसलो. चारचौघांत सांगायचं वाक्य जिभेवर आलंच होतं, पण म्हाताऱ्याने आधीच माझं तोंड बंद केलं. “आपण भूत मानत नाई जी. माह्या बापानं दीक्षा घेतली तवाच भूतखेत घरातून काढून टाकले. हे भूत नोहे. हा माहा पोरगा हाय.”

मी टेबलाखाली घुसलो.

पहिला आरोप मी उंदरावर केला. वायर कुरतडलेली असणार, असं ठामपणे सांगून ती बदलली. काही झालं नाही. मग आतलं नेटवर्कचं कार्ड बदललं, त्याआधी ते फुंकून घेतलं, कारण फुंकल्याशिवाय गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही. तरी काही नाही. शेवटी काळ्या पडद्यावर बाहेरचा पत्ता टाकून हाक मारली, आमच्या भाषेत पिंग. पलीकडून लगेच ओ आली. पुन्हा मारली, पुन्हा ओ. म्हणजे रस्ता चालू होता, दार उघडं होतं, आणि पान मागितलं की मात्र मशीन कितीतरी वेळ नुसतं थांबून राहायचं. आपण कोणाला तरी काही विचारावं आणि तो आतून येतच नाही, तसं. मग पांढऱ्या पडद्यावर, पान दाखवता येत नाही, असं ते ठरलेलं इंग्रजी वाक्य.

सेटिंग बघावं म्हटलं, तर कनेक्शनचा रकानाच गायब. हे कॅफेवाले नेहमी करतात, पोरांनी चाळे करू नयेत म्हणून नको ते रकाने झाकून ठेवतात. त्यानेही झाकला होता. उघडायचा कसा ते मला येत होतं, पण उंदीर, वायर आणि कार्ड यांच्यानंतर मी इतका वैतागलो होतो की कपाळावर आठ्या घालून जाहीर केलं, “फॉरमॅट मारावं लागेल.”

बाईंनी विचारलं, म्हणजे काय. मी सांगितलं, सगळं पुसून नव्याने भरायचं, संध्याकाळपर्यंत मशीन नवंकोरं होईल. फोटो, गाणी, काय असेल ते आधी शेजारच्या मशीनवर उतरवून घेतो, एकही जाणार नाही.

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. तिथे त्याने लावलेलं ताडोब्यातल्या तळ्याचं चित्र होतं, कडेने त्याने रचलेली खुणाचित्रं, म्हणजे आयकॉन, होती. उजव्या कोपऱ्यात एक एकटंच काढून ठेवलेलं होतं. का, ते त्यालाच ठाऊक.

“फोटोचं नाई म्हणत मी,” त्या म्हणाल्या. “त्यानं जसं मांडून ठेवलं ना, तसं. ते उतरवता येते का तुमाले?”

येत नव्हतं. ते मी म्हणालो नाही. म्हणालो, शेवटचा एक उपाय करून पाहतो. उपाय वगैरे काही नव्हता. वेळ काढायला म्हणून ते कोपऱ्यातलं एकटं खुणाचित्र दाबलं. ते मेसेंजर होतं. त्याचा पासवर्ड आतच साठवलेला असणार, कारण मेसेंजरने काही विचारलं नाही. हसरा चेहरा फिरला, पिवळा झाला, आणि यादीच्या माथ्यावर त्याचं नाव उमटलं. ऑनलाइन.

म्हाताऱ्याने स्टूल जवळ ओढलं.

आणि टिंग असा आवाज होऊन खिडकी उघडली. कुणा मित्राची होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: “अबे तू?”

आमच्या भागात जंगलात अनोळखी हाक आली तर पहिल्यांदा ओ देत नाहीत. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायकाही हे पाळतात, आणि मी याच मुलखात लहानाचा मोठा झालेलो. पण कीबोर्डवर हात ठेवून बसायची सवय वाईट. कुणी हाक मारली की बोटं आपणहून चालतात. मी टाइप केलं, “हो.” टाइप केलं आणि पाठवलंसुद्धा.

थोडा वेळ काहीच आलं नाही. नुसतं खाली दिसत होतं की तिकडचा माणूस लिहितोय. लिहितोय, थांबतोय, पुन्हा लिहितोय.

मग आलं: “मले सांगतलं का तू गेला म्हून. मी तुह्या घरी फोन नाई केला. हिंमतच नाई झाली बे.”

बाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांनी ते वाचलं, हे मला मागे न वळता कळलं. मी खुर्चीतून उठलो. उठताना वायरीत पाय अडकून जवळजवळ म्हाताऱ्याच्या अंगावर पडलो, आणि त्याने मला न पाहताच हाताने बाजूला सारलं. त्याचे डोळे पडद्यावर होते. “सांग त्याले,” तो सुनेला म्हणाला, “सांग, हाय म्हणून.”

बाई खुर्चीत बसल्या. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: “मी त्यांची बायको. ते गेले. खरं हाय.”

पाठवलं. तिकडून काही आलं नाही. थोड्या वेळाने त्या मित्राचं नाव करडं पडलं, म्हणजे तो निघून गेला.

मेल्या माणसाच्या नावाने ओ देणारा तज्ज्ञ भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तिथे बघता बघताच डोक्यात शिरलं, की बाईंचं लिहिलेलं बाहेर गेलं. मित्राचं आत आलं. म्हणजे मशीनला बाहेर जाता येतं. पान मागतानाच ते दुसऱ्या कोणाकडे जातंय.

मी खाली बसून तो झाकलेला रकाना उघडला. आत एक टिक आणि एक पत्ता होता. जुन्या कॅफेत फोनच्या तारेवरचं एकच कनेक्शन, ते गल्ल्यावरच्या मशीनला. बाकीच्यांना पान हवं असलं की त्यांनी गल्ल्याला विचारायचं, गल्ल्याने बाहेर जाऊन आणून द्यायचं. असंच शिकवून ठेवलं होतं त्याने. बाकी दोन मशीनं ब्रॉडबँडवाल्याने जोडताना पुसून काढली होती. हे एवढं राहिलं होतं, भंगारात गेलेल्या गल्ल्याला विचारत.

मी बाईंना समजावून सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“गल्ल्यावर तर तो बसे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे हा अजून त्यालेच इचारून राह्यला.”

“हो. आणि तिथून उत्तर येत नाही, म्हणून थांबून राहतो.”

त्या काही वेळ तो पत्ता वाचत राहिल्या, चार आकडे आणि मधले ठिपके. मी सांगितलं की टिक काढली की झालं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. तळं, चित्रं, सगळं जिथल्या तिथे. फॉरमॅटचं मघाशी बोललो ते विसरून जा. हात पुढे केला तर त्यांनी माऊस स्वतःकडे ओढला.

“तुमी नका. मी काढतो,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बाण टिकेवर नेला, पण दाबलं मात्र नाही. म्हातारा पुढे वाकला होता. मला वाटलं, आता हा हात धरतो. त्याने धरला नाही. तो फक्त बघत होता, जसं आजारी माणसाच्या नाडीवर दुसऱ्याचा हात असताना घरची माणसं बघतात. बाईंनी दाबलं. चौकट रिकामी झाली आणि पत्ता करडा पडला, खोडलेला नव्हे, नुसता फिका.

पान मागितलं. या वेळी मशीन थांबलं नाही. वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी पान उतरलं.

मी आयुष्यात इतकी मशीनं चालू केली, दरवेळी टाळी मागितल्यासारखा गिऱ्हाइकाकडे बघत असे. त्या दिवशी कुठे बघावं कळेना.

“गेला का?” म्हाताऱ्याने विचारलं. मला विचारलं होतं. मी तज्ज्ञ होतो ना.

आजही कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. बाई उठल्या, त्यांनी सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, “उद्या पोट्टे येतीन, बाबा. चला, जेवून घ्या.”

ते उठले नाहीत. त्या एकट्याच आत गेल्या आणि तीन ताटं वाढली. मी जेवलो. म्हातारा तीन नंबरपुढे बसून होता, पान उघडं होतं, आणि त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.